मोकळी तार

कल्याणच्या गिटारचा सूर टिकत नाही, हे सगळ्यांत आधी त्याच्या बापाला कळलं. कल्याणला स्वतःला कळायच्याही आधी.

मच्छिंद्र अण्णा गावातले विणेकरी. हरिनाम सप्ताहात वीणा अखंड उभी असते. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात पडते, मधे भुईला टेकत नाही. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकमेकांच्या पायाला हात लावायचा, गळाभेट घ्यायची, मग वीणा हलायची. यात लहान-मोठं बघत नाहीत. अण्णांचा पहारा काकड्यानंतरचा, उजाडता उजाडताचा. वर्षानुवर्षं तो सूर छातीशी धरून उभं राहिलं की माणसाचा कानही तसाच होतो. भजन कितीही रंगात येवो, अण्णांचं ध्यान खालच्या सुरावर.

त्या एकादशीला मंदिरातलं भजन आटोपलं, टाळ पिशवीत आणि कल्याणचं गिटार खोळीत गेलं, आणि घराकडे चालता चालता अण्णा म्हणाले, "कल्याणा, तुझा सूर बसून राह्यला."

"बसून म्हंजी?"

"उभा ऱ्हात न्हाई. लावला की लगेच खाली बसतो. आधी असं नव्हतं."

"तारा जुन्या झाल्यात, अण्णा. बदलतो."

"जल्दी बदल. काल्याच्या कीर्तनात असं चालायचं न्हाई."

केदारखेड्याच्या अलीकडे आत वळलं की यांचं गाव. फाट्यावर कल्याणचं वेल्डिंगचं दुकान. गेटं, खिडक्या, ट्रॉलीचे फाळके. गिटार त्यानं मोबाइलवर बघून बघून शिकलेलं, तेही विजेवरचं, कोणाचं तरी वापरलेलं घेऊन. ते कीर्तनात कसं आलं, ती गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. दोन वर्षांमागच्या सप्ताहात तो मंडपात स्पीकरच्या आडोशाला बसून हळूच वाजवत होता. रामराव काकांनी बघितलं आणि ते तडकले, "देवापुढं आता ऑर्केस्ट्रा बसवायचा का?" रामराव म्हणजे सप्ताह कमिटीतले पुढचे माणूस, आणि अण्णांच्या मागून वीणा घेणारेही तेच. पण कीर्तनकार कारभारी महाराजांनी पोराला पुढे बोलावलं. म्हणाले, "काही वाजवू नको बाळ. नुसता एक सूर धर."

कल्याणनं धरला. महाराज डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी हात वर करून मृदंग थांबवला, टाळ थांबवले, आणि भरल्या मंडपात तो एकटा सूर उभा राहिला. दिव्याची ज्योत वारा नसताना उभी असते, तसा. लोकांना आपापला श्वास ऐकू आला. सूर विरता विरता महाराजांनी त्याच्यावरच नामाचा गजर उचलला. त्या गजराला म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. रामरावांच्याही होतं.

तेव्हापासून काल्याच्या कीर्तनात ती जागा कल्याणची. सगळं थांबायचं आणि त्याचा सूर तेवढा राहायचा. वर्षभर लोखंड कापणाऱ्या पोराला ती एवढीच स्वतःची जागा देवापुढं होती, आणि त्याला तेवढी पुरत होती.

त्यानं तारा बदलल्या. फरक नाही. वायर बदलली, स्पीकरचा डबा उघडून झाडला. फरक नाही. गिटारची मान अंगाला जिथं जोडलेली असते तिथले स्क्रू आवळले. सैल सांध्यात आवाज मरतो, हे वेल्डिंगवाल्याला कोणी सांगावं लागत नाही. तारा जिच्या खाचांतून जातात ती मानेवरची पट्टी प्लॅस्टिकची होती. त्यानं पितळेची घासून बसवली, सुंदर बसवली. तरी सूर लागायचा आणि ओल्या भिंतीवर हात मारल्यासारखा थप्प होऊन जायचा. दिवाळीपासून हे चाललेलं. शेतातला हरभरा निघाला, फाल्गुनातला सप्ताह तोंडावर आला, तरी दोष सापडेना. शेवटी तो गिटार पाठीला लावून जालन्याला गेला.

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत एका जिन्याखाली पप्पूचं दुकान आहे. बँडवाल्यांचे बेंजो, शाळांच्या पेट्या, ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड, सगळं तिथं उघडं पडलेलं असतं.

"या, महाराज!" पप्पू म्हणाला. "आता काय मोडलं?"

"मोडलं काहीच न्हाई पप्पूभाऊ. सूर टिकत न्हाई."

"इथं माणूस टिकून न्हाई राह्यला, अन् तुला सूर टिकवायचा. आण इकडं."

त्यानं गिटार मांडीवर घेतलं, पितळेची पट्टी बघितली. "ही कोणी केली?"

"मी."

"च्यायला, दुकान टाक माझ्या शेजारी. मी उपाशी मरतो." मग त्यानं तारांखालचे पिकअप वाकून बघितले. "हे बघ. हे चुंबक हाये. लई वर आलं की तारेला आपल्याकडं ओढतं, मोकळं हलू देत न्हाई. सासूवानी." दोन स्क्रू फिरवून त्यानं पिकअप खाली घेतले, वायर जोडली आणि स्वतः एक सूर लावला.

गल्लीत रिक्षा ओरडत होत्या, हमाल गठ्ठे उतरवत होते. त्या गदारोळात सूर लागला आणि उभा राहिला. पप्पू बोट वर करून म्हणत गेला, "हाये… अजून हाये… अजून हाये… आता गेला. झालं तुझं काम. घे."

कल्याणनं घेतलं. तोच सूर, तीच तार, तीच जागा. करंगळीनं दाबला. थप्प.

"परत."

थप्प.

पप्पू हसला. "तुझ्यावरच रुसलं काय रे हे? थांब. कुठंच दाबू नको. मोकळी तार वाजव."

मोकळी तार छान वाजली, लांबपर्यंत.

"आता पहिल्या बोटानं दाब." वाजली. "दुसऱ्या." वाजली. "तिसऱ्या." तार चिरकली आणि बसली. "करंगळी." काहीच नाही.

पप्पूचं हसू थोडं कमी झालं. काही करायचं म्हणून त्यानं फडकं घेतलं, स्पिरिटमध्ये बुडवलं आणि गिटारची मान पुसायला लागला. पातळ तारांखाली तांबूस डाग होते. "किती गंज चढवला तू," असं म्हणता म्हणता तो थांबला. फडक्यावर ते लाल उतरलं होतं.

"गंज न्हाई हा," तो म्हणाला.

मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांची टोकं मानेच्या कडेला येतात. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि ती बाहेर येतात. पप्पूनं कडेवरून अंगठा फिरवला. "आयला!" त्यानं अंगठा तोंडात घातला. "पातं झालंय नुसतं. तू वाजवतो कसा यावर?"

"मला तर काही लागलं न्हाई."

"फिरव बरं बोट."

कल्याणनं करंगळी कडेवरून सरळ खालपर्यंत नेली. तोंडावर रेघ नाही. बोट उलटं करून बघितलं तर एक बारीक चीर उघडली होती आणि तिच्या खाली जुन्या चिरा, काही मिटलेल्या, काही न मिटलेल्या. त्यांच्या बाजूला भाजल्याचा पांढरट फोड.

"हे कधी भाजलं?"

"वेल्डिंगवाल्याचे हात असेच असतात भाऊ. त्याला कुठं काय कळतंय."

"वेल्डिंगवाल्याला कळतं," पप्पू म्हणाला. "माझा मेहुणा वेल्डर हाये, लेकरावानी बोंबलतो. बाही वर कर."

कोपराच्या जरा खाली तळहाताएवढा फिकट डाग होता. त्यावर केस नव्हते. पप्पू त्याच्याकडे बघत राहिला. नंतर त्यानं गिटार कपड्यात गुंडाळून आत ठेवलं, शटर अर्धं ओढलं आणि गाडीची किल्ली उचलली.

"कुठं?"

"सरकारी दवाखान्यात. माझ्या मामाचं असंच झाल्तं. तवा कोणी बाही वर कर म्हणलं न्हाई त्याला. चल."

डॉक्टरीणबाई कल्याणच्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी त्याला डोळे मिटायला सांगितले. "पेनाचं टोक लावते. लागलं की बोटानं दाखवायचं कुठं लागलं ते."

त्यानं दाखवलं. अंगठ्यापाशी, तळव्यावर, पहिल्या बोटावर. मग बाई थांबल्या असं त्याला वाटलं. बराच वेळ काही लागलं नाही. त्यानं डोळे उघडले. करंगळीवर, तिसऱ्या बोटावर, हाताच्या बाहेरच्या कडेनं कोपरापर्यंत निळ्या शाईचे ठिपकेच ठिपके होते. बाई थांबल्या नव्हत्या.

त्यांनी कोपराच्या मागची शीर चाचपली. दोरीसारखी जाड लागत होती. दाबली, तसा तो कळवळला. तिथं दुखत होतं.

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. कुष्ठरोग. त्यानंतर बाई बरंच आणि चांगलं बोलल्या. औषध फुकट, वर्षभर न चुकता. पहिली गोळी इथंच, माझ्यासमोर. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण होत नाही. रोग पूर्ण बरा होतो. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. रोज उजेडात हात बघायचा, लागलंय का, भाजलंय का. तुला कळणार नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं.

"बोटं?" कल्याणनं विचारलं. "बोटांचं परत येतं ना?"

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "शिरेची सूज उतरायच्या गोळ्या देते आहे. बघू. दिवाळीच्या आसपास आला असतास तर मी खात्रीनं सांगितलं असतं."

दिवाळीच्या आसपास त्यानं नव्या तारा आणल्या होत्या. त्याला बाकी काही आठवेना, तारांचं ते पाकीट तेवढं आठवत राहिलं.

दुकानावर परत आल्यावर पप्पूनं पट्ट्यांची टोकं कानशीनं घासून गोल केली. चहा एकच सांगितला. निम्मा बशीत ओतून स्वतः घेतला, निम्मा कप कल्याणला दिला. "पहिल्या बोटानं धर सूर," तो मान वर न करता म्हणाला. "पहिलं बोट चांगलं हाये. एका सुरापुरतं बिलकुल चालतं. काल्याला मी येतो ऐकायला."

घरी त्याच्या आईनं, नंदाबाईंनी ऐकलं आणि आधी दार लोटून घेतलं. "कोणाला बोलू नको," त्या म्हणाल्या. "तुझी गोळी मी धान्याच्या कोठीत ठेवते."

"माय, बरं होतं म्हणल्या हे."

"बरं होऊ दे की. बोलू नको फक्त."

अण्णा उठले. त्यांनी डावा हात धरून लेकाला अंगणात नेलं आणि उजेडात करंगळीचं पेर दाबलं. "इथं?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई."

"इथं?"

मनगटापर्यंत आल्यावर त्यांनी विचारायचं सोडलं. हात मात्र धरूनच ठेवला.

कल्याण मग पहिल्या बोटानं सूर धरायला बसला. एवढे दिवस सूर करंगळीनं धरायची सवय. गजराच्या आधीची चाल जिथं संपते तिथं हात पसरलेला असतो आणि करंगळीच जवळ पडते. आता सगळा हात आधीच सरकवायचा होता. दुकान बंद ठेवून तो दिवसभर तेवढंच करत राहिला. सरकला, चुकला. सरकला, चिरकला. नंदाबाई धान्य निवडत बसल्या होत्या, त्यांना तो सूर नुसता खिळा ठोकल्यासारखा ऐकू येत होता. आणि मग एका दुपारी तो लागला. अण्णा अंगणात जनावरांचं पाणी भरत होते. बादली हातात तशीच ठेवून ते उभे राहिले, सूर पार विरेपर्यंत.

"उभा राह्यला," ते म्हणाले.

दोष सापडला होता, उपायही सापडला होता. त्या संध्याकाळी घरात सगळे पोटभर जेवले.

सप्ताह बसला. सहाव्या दिवशी आरोग्य खात्याच्या दोघी बाया आल्या. घरात असा आजार निघाला की घरातल्या सगळ्यांचं अंग तपासायचं, आजूबाजूच्या घरांतल्यांचंही तपासायचं आणि एक गोळी द्यायची, असा नियम आहे. माणसाच्या भल्याचाच आहे. त्या बायांनी कल्याणचं नाव कुठंच घेतलं नाही. पण शेजारणीला पाठ दाखवा म्हटलं, पलीकडच्या घरात लेकरांचे हात बघितले, आणि मधलं घर कोणतं ते गावाला बोट न दाखवता दिसलं.

दुसऱ्या दिवशी रामराव काका आले. ते येत तेव्हा सरळ आत येऊन बाजेवर पाय वर घेऊन बसत. आज अंगणातच उभे राहिले.

"बसा की," अण्णा म्हणाले.

"जल्दीत हाये. पंगतीचं बघायचंय." त्यांनी घसा साफ केला. "मच्छिंद्रा, यंदा पोराला जरा आराम दे. महाराजांना मी सांगतो, गिटार बिघडलं म्हणून."

"गिटार बिघडलं न्हाई काका," कल्याण आतून बाहेर आला. "बिघडल्तं. आता बराबर हाये."

रामराव त्याच्याकडे न बघता म्हणाले, "मी कुठं काही म्हणून राह्यलो बाबा? मला काय, मी तुला अंगाखांद्यावर घेतलेलं. लोक म्हणून राह्यले. माईकला हात लागतो, सतरंजीला लागतो. बाया लेकरं घेऊन येत्यात."

"दवाखान्यात सांगितलं भाऊजी," नंदाबाई दारातून म्हणाल्या, "गोळी पोटात गेली की कोणाला लागत न्हाई. बाईंनी स्वतः सांगितलं."

"मला कळतं ते वहिनी. सगळ्यांना कळलं असतं तर मी आलो असतो का?"

"मंग तुमी सांगा की सगळ्यांना," कल्याण म्हणाला. "तुमचं ऐकतेत."

रामरावांनी टोपी काढली, परत घातली. "सप्ताह नीट पार पडू दे," एवढं म्हणून ते गेले. नंदाबाईंनी चहा ठेवला होता. तो उतू गेला.

कल्याणनं गिटारच्या तारा सैल केल्या आणि ते खोळीत घातलं.

काल्याच्या दिवशी अण्णा नेहमीसारखे अंधारातच उठले, आंघोळ केली, गंध लावला आणि मंदिराकडे निघाले. "मला कोणी येऊ नको म्हणलं न्हाई," ते दारात म्हणाले. "म्हणंल तवा बघू." त्यांच्या आधीच्या पहाऱ्यावरच्या माणसानं वीणा दिली. पायाला हात लावायला वाकल्यासारखं केलं आणि हात मधल्या मधे वळवून घेतला. गळाभेट झाली नाही. अण्णांनी वीणा गळ्यात घेतली आणि नाम सुरू केलं.

ऊन चढलं. अण्णांचा पहारा संपला. मंडपात सतरंज्या झटकल्या, हंडी बांधली, आचाऱ्यांनी बुंदीची कढई उतरवली. नंदाबाई काल्यासाठी दही आणि लाह्या घेऊन गेल्या. घेणारी बाई म्हणाली, "ठेवा तिथं खाली." बाकीच्यांचं दही मोठ्या पातेल्यात पडत होतं. यांचं भांडं खांबाशी झाकलेलं तसंच राहिलं. नंदाबाईंनी ते बघितलं, आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

त्या पायात चप्पल न घालता घरी आल्या.

"कल्याणा, अण्णा अजून उभेच हायेत रे."

"रामराव काका?"

"हौदापाशी चहा पिऊन राह्यले."

"मंग दुसरं कोणी?"

"कोणीच न्हाई. जो तो दुसऱ्याकडं बघून राह्यला. यांचे पाय सुजलेत, साखरेचं माणूस, पोटात काही न्हाई. खाली ठेवा म्हणलं तर माझ्याकडं असे बघतेत…"

वीणा खाली ठेवता येत नाही. अण्णांच्या लेखी तो नियम नव्हताच, नियम मोडता तरी येतो. आणि गावानं त्यांना जा म्हटलं नव्हतं, एका शब्दानंही दुखवलं नव्हतं. गाव फक्त वीणा घ्यायला येत नव्हतं.

कल्याणनं हात-पाय धुतले, गळ्यातली तुळशीची माळ सारखी केली आणि निघाला. गिटार खोळीतच राहिलं.

मंडपात माणूस मावत नव्हतं. तरी त्याला वाट मिळाली. दोन्ही बाजूंनी लोक सरकले, लेकरांना ओढून घेतलं. इतकी रुंद वाट त्या मंडपात महाराजांनाही मिळत नसे. अण्णांच्या कपाळावरचं गंध घामानं खाली आलं होतं. गुडघे हलत होते, ओठही हलत होते, आणि उजव्या हाताचं बोट तारेवर आपलं आपलं पडत होतं.

"तू कामून आला?"

"द्या अण्णा."

"तू नको. लोक…"

"तुमी पडलात तर वीणा भुईला लागंल."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. कल्याण वाकला, बापाच्या सुजलेल्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं. मग रीत होती म्हणून बापही वाकला. धडपडत, एका हातानं वीणा सावरत वाकला, आणि लेकाच्या पायाला हात लावला. हात वळवून घेतला नाही. गळाभेट झाली तेव्हा मधे वीणा होती, आणि दोघांच्या छातीचा ठोका तिच्या भोपळ्यात घुमला.

"कमिटीला विचारलं का?" मागून कोणीतरी म्हणालं. ज्यांनी विचारलं तेही पुढे आले नाहीत, कारण पुढे आलं तर वीणा घ्यावी लागली असती.

कल्याण उभा राहिला. डावा हात वीणेच्या दांडीला नुसता टेकवायचा होता. तिथं काही दाबायचं नसतं. सगळ्या तारा मोकळ्या. उजव्या हाताचं पहिलं बोट वरून खाली न्यायचं, एवढंच. त्यानं नेलं. सूर लागला.

तेवढ्यात कारभारी महाराज आले. त्यांना कोणी काही सांगितलं होतं की नव्हतं, ते आजही कोणाला ठाऊक नाही. कीर्तनाला उभं राहण्याआधी विणेकऱ्याच्या पाया पडायची रीत आहे. महाराज कल्याणपुढे आले, एक क्षण त्याच्या तोंडाकडे आणि एक क्षण त्या शांत झालेल्या मंडपाकडे बघितलं, आणि वाकले. उठून म्हणाले, "गिटार?"

"घरी हाये महाराज."

"बरं," महाराज म्हणाले, आणि कीर्तनाला उभे राहिले.

गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कशा झाल्या, देवानं कोणाचं उष्टं कसं खाल्लं, हे महाराजांनी दरवर्षीसारखं रसाळ सांगितलं. लोक दरवर्षीसारखे हसले, डोळे पुसले. खांबाशी नंदाबाईंचं दही झाकलेलंच होतं. मग ती जागा आली. महाराजांनी सवयीनं हात वर केला असेल किंवा मुद्दाम केला असेल. मृदंग थांबला. टाळ थांबले. लोकांनी सवयीनं स्पीकरच्या बाजूला बघितलं. तिथं कोणी नव्हतं.

कल्याणनं वीणा एकदा छेडली आणि हात बाजूला घेतला.

गिटारइतका तो सूर लांब नव्हता. वायर नव्हती, स्पीकर नव्हता. पुढच्या दोन-चार ओळींना ऐकू आला असेल, मागच्यांना नसेल. पण जितका होता तितका तो सरळ उभा राहिला, कुठं थरथरला नाही, आणि पुरा संपेपर्यंत कल्याणनं दुसरा आघात केला नाही. मग महाराजांनी गजर उचलला. या वर्षी गजर झाला तसा झाला. चढला नाही.

हंडी फुटली. लोक पाया पडायला रांगेनं आले. आधी महाराजांच्या, मग विणेकऱ्याच्या, अशी रांग जाते. त्या दिवशी ती महाराजांपाशी वाकायची आणि तिथूनच उजवीकडे वळून पंगतीकडे जायची. जालन्याहून उशिरा आलेला पप्पू रांगेत होता. तो तेवढा सरळ आला, पाया पडला. "गाडी पंक्चर झाल्ती," म्हणाला, आणि बाजूला अण्णांना धरून बसला. बाकी कोणी आलं नाही. म्हाताऱ्या बायांनी लांबून हात जोडले, ते देवाला की वीणेला, कोण सांगणार.

शेवटी वीणा देवाच्या पायाशी ठेवायची असते. ती रामरावांनी घ्यायची. ते आले. त्यांचे डोळे खाली होते. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांवर पसरलं आणि हात पुढे केले. देवाची वस्तू आहे, कोणी अशी कापडात घेईलही. पण इतकी वर्षं रामरावांनी वीणा कधी उपरण्यात घेतली नव्हती. अण्णांनी बसल्या जागेवरून ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

कल्याणनं वीणा उपरण्यात ठेवली. पायाला हात लावायला वाकला, तोवर रामराव वळले होते.

पंगतीला ते कोणी थांबले नाहीत. नंदाबाईंनी खांबापासचं आपलं भांडं उचललं आणि घरी येऊन त्याच दह्यात लाह्या कालवून चौघांच्या ताटात घातल्या. पप्पूनं मागून घेऊन दोनदा खाल्लं.

तो गेल्यावर कल्याण अंगणात उजेडाला बसला. डावा हात उलटासुलटा करून त्यानं बघितला, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसा. पेरं, नखांच्या कडा, तळवा. काही लागलेलं नव्हतं. मग त्यानं उजवा हात बघितला. पहिल्या बोटाच्या टोकाला वीणेच्या तारेनं फोड आणला होता, आणि तो फुटला होता.

अण्णा शेजारी पाय पसरून बसले होते. "लागलं का?"

"ठणकून राह्यलं अण्णा. लई ठणकून राह्यलं."

"ठणकू दे," अण्णा म्हणाले.